घाटात काटा लाल रेघेवर आणि इंजिन मात्र थंड डोक्याचं

घाट चढायला लागलो तेव्हा धुकं एवढं दाट की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. हेडलाइट लावले, काच आतून धुरकट होत होती म्हणून ब्लोअर फुल केला, आणि एका वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोर दिला तर टेंपरेचरचा काटा मधून उठला तो सरळ लाल रेघेवर.

गाडी १९९७ची. हा काटा महिनाभर नाटकं करत होता आणि निघायच्या दोन दिवस आधी मी स्वतः इंजिनाचं टेंपरेचर काट्याला कळवणारा सेन्सर बदललेला, त्यामुळे स्वारी जरा घमेंडीतच निघाली होती. ताई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "तू नीट केलंस म्हणालेलास ना रे?" काय बोलणार.

पुढे रुंद जागा दिसली तिथे बाजूला घेतली. बोनेट उघडलं तर वाफ नाही, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोड वास नाही, रेडिएटरचा पंखाही गप्प. रेडिएटरच्या कॅपला मात्र हात लावला नाही, कारण गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असतं, पाणी-कूलंट निम्मंनिम्मं असलं की कॅपच्या दाबाने ते १२० डिग्रीच्या पुढे गेलं तरी उकळत नाही, आणि कॅप सैल केली की दाब जातो आणि तेच क्षणात उकळून अंगावर येतं. बाजूच्या टाकीत लेव्हल बरोबर दिसत होती तेवढं बघून घेतलं.

खरं तर शंका मला काटा उडाला तेव्हाच यायला हवी होती. चार-पाच लिटर कूलंट आणि एवढं लोखंड एका सेकंदात तीस डिग्री तापत नाही, काटा उडी मारतो तेव्हा बहुतेक वेळा भानगड वायरीत असते. पण घाटात लाल रेघ बघितल्यावर एवढं कुणाला सुचतं?

माझ्या मल्टीमीटरला टेंपरेचर मोजायची वायर आहे. तिचं टोक रेडिएटरच्या वरच्या होज पाईपच्या तोंडाशी चिकटपट्टीने दाबून बसवलं आणि इंजिन आयडलिंगला ठेवलं. ८४, मग ८६, आणि तिथेच थांबलं. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८च्या आसपास उघडतो, म्हणजे इंजिन अगदी शहाण्यासारखं चाललेलं. काटा मात्र पाऊण चढलेला.

मग सेन्सरची एकुलती एक वायर काढली, काटा खाली थंडीच्या टोकाला गेला. म्हणजे वायर मध्येच कुठे सोलवटून बॉडीला टेकत नव्हती, टेकत असती तर काटा वरच राहिला असता. तीच वायर क्षणभर इंजिनाला टेकवली, काटा पार वर. म्हणजे डॅशबोर्डवरचा मीटरही ठीक. राहिला कोण, तर मी बसवलेला नवाकोरा सेन्सर. मी त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, आणि एका वायरीच्या सेन्सरचं अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, त्या आट्यांतूनच इंजिनाला जातं, तेव्हा मनात आलं की झाली चूक आपलीच. पण जरा विचार केला तर हिशोब उलटा निघाला. हा सेन्सर तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, टेपमुळे रेझिस्टन्स वाढला असता आणि काटा थंड दाखवत बसला असता. इथे तर तो तापट निघाला होता.

कोडं फोडलं ताईने, आणि तेही न ठरवता. धुकं विरळ झालं होतं, ती म्हणाली, "लाइट बंद कर की, बॅटरी उतरेल." बंद केले. काटा थोडा खाली आला. परत लावले, वर. ब्लोअर बंद, अजून खाली. दहा वेळा तरी हा खेळ केला असेल, ताई बघतेय माझ्याकडे की याला झालंय काय. मग इंजिन बंद करून फक्त चावी ऑन ठेवली तर काटा बरोबर मधोमध, आता लाइट लावा नाहीतर विझवा, हलायचं नाव नाही. इंजिन चालू आहे की बंद, हे सेन्सरला कळायचं कारणच नाही!

म्हणजे अर्थिंग. माझ्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जाते आणि बॉडीपासून इंजिनाला एक विणलेली तांब्याची पट्टी. चालू गाडीत वीज पुरवणारा अल्टरनेटर इंजिनावर, त्यामुळे लाइट-ब्लोअरचा सगळा करंट त्या पट्टीतूनच परत येतो. पट्टी खराब झाली की इंजिन आणि बॉडी यांच्यात व्होल्टेज उभं राहतं, ते मीटरच्या वाट्याला जास्तीचं येतं आणि काटा चढतो. लाइट लावून मोजलं तर बॉडी आणि इंजिन यांच्यात १.१ व्होल्ट. ०.२च्या आत असायला हवं.

खाली वाकून टॉर्च मारला तर पट्टीच्या निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या. चढावर जोर दिला की इंजिन माउंटिंगवर कलतं, पट्टी ताणली जाते, म्हणून तमाशा नेमका वळणावर. सकाळी सेल्फ जड मारत होता तोही याच पायी, आणि मी बिचाऱ्या बॅटरीला शिव्या घातल्या. असं जास्त दिवस चालवलं तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते, ते व्हायच्या आत सापडलं हे नशीब.

जंपर केबलमधली काळी काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन उचलायच्या कडीला, पंखा आणि बेल्टपासून लांब नेऊन दोन ठिकाणी घट्ट बांधली. लाइट लावले, ब्लोअर फुल, काटा मधोमध. सेल्फ मारला तर असा फिरला की ताई म्हणाली, "अगं बाई, ही तर नवीनच झाली!"

उरलेला घाट तसाच चढलो आणि परतीचा प्रवासही त्या काळ्या केबलवरच केला. घरी नवी पट्टी टाकली, दोन्ही टोकांची जागा घासून लख्ख केली, टेपही काढून टाकली. मग जुना सेन्सर गरम पाण्यात धरून मल्टीमीटर लावला. पाणी तापत गेलं तसा रेझिस्टन्स शिस्तीत खाली येत गेला, कुठे झटका नाही की अडखळणं नाही. पुसून डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय.