झटका सोसताना: २५ मीटर पिस्तूलचा माझा अनुभव

गोळी सुटताना पिस्तूल हाताला मागे ढकलतं आणि वर उसळतं, तो झटका. एअर पिस्तूल मारणाऱ्याला तो फारसा ठाऊक नसतो. छर्रा सुटतो, हात जागच्या जागी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ला जकार्ता-पालेमबांगच्या एशियाडमध्ये २५ मीटरचं सुवर्ण घेतलं आणि आमच्या रेंजवरच्या बऱ्याच जणींना .२२ची, म्हणजे २५ मीटरला लागणाऱ्या काडतुसाच्या पिस्तुलाची, ओढ लागली. मी त्यातलीच.

.२२चा झटका तसा किरकोळच. ९ एमएम चालवणारे त्याला हसतात. पण आमच्याकडे पिस्तूल एकाच हाताने धरायचं, मनगटाला कसलाही आधार नाही. त्यात रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट गोळ्या मारायच्या फेरीत, हिरवा दिवा लागला की ४५ अंशांवर खाली धरलेला हात वर आणून ३ सेकंदांत गोळी सुटायलाच हवी. मग ७ सेकंद लाल, पुन्हा हिरवा, अशा पाच गोळ्या. तेवढ्यात हात सावरला तर सावरला.

सरांनी सुरुवातीला गोळ्या दिल्याच नाहीत, कानस दिली. लाकडी ग्रिप आपल्या तळव्याच्या मापाने घासायची, पोकळ राहील तिथे पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपर. कंटाळवाणं काम आहे, पण महागडं पिस्तूल घेऊन ग्रिप तशीच ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं जमेल तितकं वर, नळीच्या जवळ बसायला हवं. नळी हाताच्या वर असते म्हणूनच तोंड उसळतं. मधलं अंतर कमी झालं की उसळीही कमी.

जोर मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, तोही सरळ मागे तळव्यात. अंगठ्याने दाबलं की गोळी बाजूला पळते, करंगळी आवळली की खाली. ट्रिगरच्या बोटाचं बिऱ्हाड वेगळं. हे बोलायला सोपं, पण इथे ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम, एअरच्या दुप्पट. तो ओढताना बाकीची बोटंही नकळत आवळली जातात.

खरी गंमत डमीची, म्हणजे न उडणाऱ्या खोट्या काडतुसाची. सर पाठमोरे होऊन मॅगझिन भरायचे, खऱ्या काडतुसांत मधेच एखादी डमी. तिची पाळी आली की आवाज नाही, नुसतं टिक्, आणि नळीचं तोंड गपकन खाली गेलेलं आपल्याच डोळ्यांना दिसतं. झटका यायच्या आधीच मनगट त्याला दाबायला निघालेलं असतं. नवीन प्रत्येकाचं हेच होतं. यावर उपाय एकच: डमी वाढवत न्यायच्या, टिक् झाल्यावरही फ्रंट साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) हलेनाशी होईपर्यंत. काडतुसांचा खर्च वाचतो तो वेगळाच.

त्यानंतर सरांनी झटक्याशी भांडणं बंद करायला लावलं. पिस्तूल उसळेल तेवढं उसळू द्यायचं, खाली ओढायचं नाही. ते आपणहून कुठे येऊन थांबतं ते बघायचं. दर वेळी एकाच जागी आलं तर पकड बरोबर. माझं कायम जरा डावीकडे यायचं. हाताला काही करू न देता सरांनी फक्त मागचा पाय थोडा सरकवायला लावला, आणि फ्रंट साईट मधोमध येऊन थांबायला लागली.

मे महिन्यात तळव्याला घाम सुटला की पकड निसटते. मग ग्रिप पुन्हा खडबडीत करून घ्यावी लागते, म्हणून कानस आता किटबॅगमध्येच असते.