साकाई: सुरी एक, हात तिघांचे

साकाई हे जपानमधलं, ओसाकाशेजारचं सुऱ्यांचं शहर. तिथे जायला ओसाकाच्या तेन्नोजीहून हानकाई ट्राम पकडा आणि म्योकोकुजी-माएला उतरा. रेल्वेने साकाई लवकर येतं, पण ट्राम सुऱ्या घडवणाऱ्यांच्या वस्तीजवळ सोडते. थांब्याजवळच साकाई देन्शोकान हे हस्तकलांचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट. आधी तिथे सगळे प्रकार बघा, मगच दुकानं.

इथली सुरी सहसा एकट्याची नसते. लोहार मऊ लोखंडाला पोलाद जोडून पातं घडवतो, दुसरा धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. आम्ही धारवाल्याकडे पाऊण तास उभे होतो. फिरत्या दगडी चाकावर पातं टेकवलं की राखाडी पाणी त्याच्या मनगटावरून ओघळायचं. मग पातं उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघायचं. जरासा बाक दिसला की हातोडीने हलकेच ठोकायचं आणि पुन्हा चाकावर. तोंडातून शब्द नाही. अशा ठिकाणी वेळ ठरवूनच जा, फोटोआधी विचारा.

पारंपरिक सुरीला एकाच बाजूने धार असते, त्यामुळे डावखुऱ्यांनी तसं सांगून वेगळी मागावी. भाज्यांना उसुबा, मासे कापायला देबा, साशिमीला यानागिबा. आपल्या घरच्या स्वयंपाकाला मात्र दोन्ही बाजूंनी धारेची सांतोकूच घ्या, असं माझं स्पष्ट मत. नारळाला ती लावू नका, धारेचे टवके उडतात. साध्या पोलादाला लिंबू-चिंच सोसत नाही. माझ्या पात्यावर पहिल्याच आठवड्यात डाग पडला. चिरून झालं की लगेच धुऊन कोरडी करा.

कोंबू चुकवू नका. हे समुद्री शेवाळ होक्काइदोहून जहाजांनी यायचं, आणि ते तासायला साकाईच्या सुऱ्या होत्याच. व्हिनेगरने मऊ केलेली पट्टी ताणून धरतात आणि किंचित वळवलेल्या धारेने तासतात. निघतो तो ओबोरो: आरपार दिसणारा पापुद्रा, जिभेवर ठेवताच विरघळणारा, आंबूस-खारट. जपानी सूपमध्ये बहुधा मासा असतोच. शाकाहाऱ्यांनी अखंड कोंबू घरी न्यावा, नुसत्या कोंबूचंही सूप छान होतं.

विमानात सुरी चेक-इन सामानातच. जपानात सहा सेंटीमीटरपेक्षा लांब पातं विनाकारण जवळ बाळगणं गुन्हा आहे, म्हणून दुकानातला खोका न उघडता थेट हॉटेलवर न्या.

काही दुकानांत पात्यावर नाव कोरून मिळतं. आम्ही आईचं नाव देवनागरीत लिहून दिलं. त्यांनी कागद दोनदा निरखला आणि वेलांटीसकट कोरलं.