शेवटची ओळ

गुरुवार, रात्री पावणेबारा

झोप लागत नाही. संध्याकाळी गल्लीतून वरात गेली. गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल काढत होतो आणि हात तिथंच थांबला. बेंजोवर आमची चाल चालली होती. साखर पेठेतल्या मागाच्या शेडमध्ये बसवलेली.

चपला घालून खाली उतरलो. वाजवणारा पोरगा अठरा-एकोणीसचा. वरात चौकात थांबली तेव्हा विचारलं, कुणाची रे ही चाल?

"आमच्या अण्णांची."

अण्णांची! म्हणजे पार्टी त्याची, आमच्या जुन्या बँडच्या ड्रमरची. तो भेटत नाही असं नाही, गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी दिसतो, लांबून हात वर करतो. पण चाल त्याची? ठेका त्याचा, मान्य. मागावर धोटा इकडून तिकडं जातो, तोच ठेका. ड्रमच्या पॅडलची स्प्रिंग तुटली त्या रात्री त्यानं मागाचा चामडी पट्टा बांधून वाजवलं होतं. पण चाल मी बसवली. आणि पोरगा शेवटची ओळ वाजवतच नव्हता, तिसरीवरून परत मुखड्यावर. नेली तीही अर्धीच.

पिंक फ्लॉइड हा इंग्लंडचा रॉक बँड सोडल्यावर रॉजर वॉटर्स बँडच्या नावासाठी कोर्टात गेला होता. 1987 ला तडजोड झाली, नाव बाकीच्यांकडे, 'द वॉल' हा अल्बम त्याच्याकडे. आमच्यात वाटण्यासारखं काय होतं? एक अँप, तो मंडपवाल्याला गेला. पैशांचं राहू दे. गॅदरिंगच्या रात्री मी जे बोललो तेही राहू दे.

चाल मात्र राहू देववत नाही.

पिंक फ्लॉइडचे ते चौघं 2005 ला लंडनच्या हाइड पार्कात पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. 2008 ला त्यांच्यातला रिचर्ड राइट वारला, मग चौघं कुठले? मुंबईचा इंडस क्रीड बँड 1997 ला मोडला, 2010 ला परत जमला. तेरा वर्षं. आमची त्याहून जास्त झाली.

दहा वाजता त्याला मेसेज टाकला, भांडायच्याच तयारीनं. चाल अर्धी का वाजवतात तुझी पोरं?

लगेच उत्तर आलं. "शेवटची ओळ तुझी हाय बे. ती कुणाला शिकवलो नाही."

तेव्हापासून आठवतोय. मुखडा तोच गुणगुणत आला होता, सायकल भिंतीला लावता लावता. मी त्याखाली कॉर्ड धरले. इतकी वर्षं मी सगळीच चाल माझी म्हणून सांगत आलो, घरी, ऑफिसात, सगळीकडं. त्यानं मात्र माझी ओळ वेगळी काढून ठेवली.

पोटमाळ्यावरून गिटार काढली. दोन तारा नाहीत, उरलेल्या गंजल्यात. घरातले झोपलेत म्हणून हळूच लावून बघितलं. ओळ बरीचशी येते, शेवटचा सूर कुठं टेकायचा तेवढं सापडत नाही. सकाळी त्याला फोन करून विचारतो.