लाठीमाराचा निषेध पाच मिनिटांत होतो, अनुदानाचं बजेटमधलं हेड दहा महिने सापडत नाही

अधिवेशन लागलं की आमच्या ताईच्या घरी क्रिकेटपेक्षा विधान परिषद जास्त बघितली जाते. कारण साधंय, भाऊजी विनाअनुदानित शाळेवर आहेत, म्हणजे कागदावर आता 'अंशतः अनुदानित' पण गावात अजून 'बिनपगारी सर' असंच चालतं. शाळा सुटली की संध्याकाळी खताच्या दुकानात हिशोब लिहायला बसतात, तिथं त्यांचेच माजी विद्यार्थी युरियाची गोणी उचलायला येतात आणि सर म्हणून पाया पडतात, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तर विषय आमदारांचा. आमदारांना दोन गोष्टींची फार काळजी असते असं सभागृहात बघितल्यावर वाटतं, एक पोलीस कसे वागले आणि दुसरी शाळांना पैसे कधी मिळणार. पहिल्या काळजीला आवाज मोठा असतो. पोस्टर घेऊन पायऱ्यांवर बसता येतं, 'गृहमंत्री जबाब दो' म्हणता येतं, संध्याकाळी बातमीत बाईट येतो. दुसऱ्या काळजीसाठी बजेटचं पुस्तक उघडून लेखाशीर्ष, म्हणजे कुठल्या कामाला किती पैसे ठेवलेत ते दाखवणारं हेड, शोधावं लागतं, आणि ते काम फार थोडे लोक करतात.

या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर भेटल्या होत्या ४ ऑक्टोबर २०१६ ला, औरंगाबादला. त्या दिवशी तिथं राज्य मंत्रिमंडळाची बैठक होती आणि विनाअनुदानित शिक्षकांचा मोर्चा होता. लाठीमार झाला, दगडफेक झाली, शिक्षक जखमी, पोलीसही जखमी, शिक्षकांवर गुन्हे दाखल. बाहेरच्या माणसाला वाटेल की अहो, दोनच आठवड्यांपूर्वी १९ सप्टेंबरला वीस टक्के अनुदानाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला होता ना, मग मोर्चा कशाला? तर मागचं थोडं सांगतो. २०००-०१ पासून सरकारनं शाळा द्यायच्या पण 'कायम विनाअनुदानित' म्हणून द्यायच्या असं धोरण घेतलं. मग बरीच आंदोलनं झाली आणि २० जुलै २००९ ला तो 'कायम' काढला. मग २०११ ला मूल्यांकनाचे निकष आले, शाळांनी फायली केल्या, तपासण्या झाल्या, आणि हातात पडले किती तर वीस टक्के, तेही २०१६ ला. मागणी होती 'प्रचलित नियमाने द्या', म्हणजे दरवर्षी वीस वीस वाढत शंभरपर्यंत जा. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याला नवं आंदोलन असा प्रकार सुरू झाला.

लाठीमारावर मग रीतसर निषेध झाला. मी म्हणत नाही की करू नये, मास्तरांना रस्त्यात मारणं हे कुठल्याही सरकारला शोभत नाही. पण शिक्षकावर गुन्हा दाखल होणं ही काय चीज आहे हे सभागृहातल्या माणसाला कळतं का याची मला शंका आहे. आधीच संस्थाचालक 'उद्यापासून येऊ नका' म्हणायला मोकळा, त्यात चारित्र्य पडताळणीत नाव आलं की संपलं. लाठीचा वळ पंधरा दिवसात जातो हो, कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षं चालतात.

आणि पोलिसांबद्दल एक म्हणायचंय, शिव्या खाईन पण म्हणतो. बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात अनुदान नसतं. सकाळी अकरालाच कुणीतरी मंत्री खाली उतरला, शिष्टमंडळाला आत घेतलं, निवेदन घेतलं, तर निम्मे मोर्चे चहा पिऊन घरी जातात. मंत्री येत नाही, उन्हात लोक तापतात, मागून रेटा येतो आणि मग काठी चालते. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधव हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आले होते, दिवसभर वाट बघितली, निवेदन घ्यायला कुणी आलं नाही, मग लाठीमार, चेंगराचेंगरी आणि ११४ जीव गेले. बायका, लेकरं. एवढं होऊनही मोर्चा अडवायचा कसा यावरच बैठका होतात, त्याला भेटायचं कुणी हे कुठल्याच बंदोबस्ताच्या प्लॅनमध्ये नसतं. पोलिसांविरुद्ध तक्रार करायला वेगळं प्राधिकरण असावं असं सुप्रीम कोर्टानं २००६ ला सांगितलं, आपल्याकडं कायद्यात ते २०१४ ला आलं. किती आमदार लाठीमारानंतर लोकांना सांगतात की बाबांनो तिथं अर्ज करा, मी बरोबर येतो? मी तरी ऐकलं नाही. 'चौकशी करू, अहवाल येऊ द्या' एवढ्यावर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयावरची सभागृहातली सूचना, संपते.

आता पैशाची गंमत बघा. २०२४ ला पुढचा वीस टक्क्यांचा टप्पा जाहीर झाला, जीआर निघाला १४ ऑक्टोबरला आणि विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ला! ताईनं त्या दिवशी शिरा केला होता. पण जीआर म्हणजे पैसे नव्हेत हे पहिली दुसरीतल्या पोराला पण कळेल, त्यासाठी बजेटमध्ये किंवा पुरवणी मागण्यांमध्ये, म्हणजे बजेटनंतर सरकार वरचे पैसे मागतं त्यात, तरतूद लागते, वित्त विभागाची मान्यता लागते, मग शिक्षकांच्या पगाराच्या 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालीतून बिल निघतं. ते काहीच झालं नव्हतं. जून २०२५ च्या शेवटी ५७ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या मांडल्या आणि त्यात या अनुदानाच्या टप्प्याचं नाव नाही हे कळलं तेव्हा मास्तर लोक आझाद मैदानावर उतरले. पाऊस, चिखल, ताडपत्र्या. भाऊजी पण गेले होते, पिशवीत दोन ड्रेस आणि तपासायच्या राहिलेल्या चाचणीच्या वह्या. वह्या भिजल्या, परत आल्यावर ताईनं त्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. मोठमोठे नेते मैदानात येऊन गेले, भाषणं झाली, शेवटी सरकारनं सुमारे ९७० कोटींची तरतूद मान्य केली आणि ती सुद्धा १ ऑगस्ट २०२५ पासून. मधल्या महिन्यांचं काय हे विचारायचं नाही.

त्याच अधिवेशनात विधानभवनाच्या आत दोन आमदारांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले आणि पुढचे दोन दिवस सगळी चर्चा त्याच्यावरच. वागणुकीची काळजी करायची तर सुरुवात कुठून करायची हा पण प्रश्नच आहे म्हणा.

एक गोष्ट मात्र कुणीच बोलत नाही कारण ती सगळ्यांनाच अडचणीची. या शाळा काढल्या कुणी? आमदार, माजी आमदार, त्यांचे मेव्हणे, साडू, झेडपी सदस्य. अनुदान मिळणार नाही हे लिहून देऊन मान्यता घेतल्या, मास्तर नेमताना काय काय घेतलं ते गावोगाव माहितीय, आणि आता तेच सभागृहात 'आमच्या शिक्षक बांधवांवर अन्याय' म्हणून गळा काढतात. भाऊजी हे ऐकून नुसते हसतात, संस्था कुणाची ते मी इथं लिहिणार नाही, त्यांची नोकरी आहे.

आणि शिक्षक आमदार? परिषदेत सात जागा खास शिक्षकांच्या, पण तिथं मतदार माध्यमिकपासून वरचेच. झेडपीच्या चौथीपर्यंतच्या शाळेतल्या गुरुजींना तिथं मतच नाही. म्हणजे ज्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पटानुसार ठरतं आणि तीस पोरांपर्यंत दहा हजार रुपये येतात, त्यातच खडू, दुरुस्ती, सगळं, त्या शाळेचा या सात जणांत हक्काचा आमदार कुणीच नाही.

पुणे आणि अमरावती शिक्षक मतदारसंघांची मुदत २०२६ च्या शेवटी संपते. तिकडचे कुणी सर-मॅडम हे वाचत असतील तर नमुना १९ भरून नाव आधी नोंदवा, मुख्याध्यापकांचा दाखला लागतो, आणि उमेदवार भेटीला आला की त्याला निषेधाचं पत्र मागू नका, गेल्या अधिवेशनात कुठल्या पुरवणी मागणीवर बोललात ते विचारा, कार्यवाहीची झेरॉक्स घेऊन या म्हणावं.