अकरावा रकाना

माझ्या फॉर्मवर अकरावा रकाना आहे, 'सर्वांत लहान मुलाचं वय'. जांबोटी भागातून आलेल्या त्या बाईने तिथे तीन वर्षं सांगितलं आणि मी माझ्या हाताने ३ लिहिलं. तो फॉर्म अजून टेबलाच्या खणातच आहे. दोन महिने झाले, फाईलला लावायला हात होत नाही.

बेळगावात शहापूरला, घराच्या पुढच्या खोलीत, मी बाया पुरवायचं काम करते. चौदा वर्षं झाली. सुरुवात म्हाताऱ्या पेशंटांसाठी बाया देण्यापासून झाली, आता निम्म्याहून जास्त मागणी बाळ सांभाळणाऱ्या बाईची असते. फोन कधी येणार ते मला आधी कळतं. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातली होईल तेवढी रजा मुली बाळासाठीच राखून ठेवतात, म्हणून बाळ पाच-साडेपाच महिन्यांचं झालं की घाबऱ्या आवाजात फोन येतो. "काकू, पंधरा दिवसांत जॉईन व्हायचंय. बाई नाही मिळाली तर नोकरी सोडावी लागेल." फोन आईचाच असतो. बापाचा आला तर तो बहुतेक पगार कमी करून घ्यायला. कर्नाटकाने घरकामाचं किमान वेतन २००४ मध्येच ठरवून दिलं, पण त्याबद्दल मला आजवर एकाही घराने विचारलेलं नाही. "आपल्यातलीच बाई आहे ना?" हे मात्र चांगल्या शिकलेल्या घरांतून विचारतात. जात मी फॉर्मवर लिहीत नाही आणि सांगतही नाही. त्यापायी चांगली घरं हातची गेलीत, जाऊ देत.

बाया पूर्वी वडगाव, खासबाग, अनगोळ इथल्याच असायच्या. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना इथली सरकारी बस फुकट झाली आणि माझ्या कामाचा नकाशाच बदलला. खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावांतून बाया येऊ लागल्या. रात्री मुक्कामाला गेलेली गाडी पहाटे सुटते, तिने यायचं आणि संध्याकाळी परतायचं. चंदगडकडच्या बाईला ते जमत नाही. ती शिनोळीच्या पलीकडची, आधार महाराष्ट्राचं, तिला इकडच्या गाडीत पूर्ण तिकीट. बोली तीच, ऊस-भात तेच, देवसुद्धा तेच, पण महिन्याच्या पगारातून तिकिटाचे पैसे जातात आणि ती परवडत नाही म्हणून काम सोडते. मला याचा फार राग येतो.

बाई कशी पारखायची हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच शिकले. पोलीस व्हेरिफिकेशन मी करून घेते, आता ते सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरून होतं, पण त्यातून एवढंच कळतं की बाईवर केस नाही. तिचा हात कसा आहे ते कागदावर येत नाही. त्यासाठी मी सात किलो तांदळाची पिशवी दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलेली आहे. बाई समोर बसून गाव, घर, नवरा असं सांगत असते, आणि मी मध्येच उठून म्हणते, "हे जरा धर गं." पिशवी हातात गेली की मी बोलायचं थांबत नाही, फक्त बघते. एकीने ती काखेत मारली होती. बऱ्याचजणी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ताठ बसतात. हात आपोआप मानेखाली गेला, तर ती बाई मी निम्मी घेतलेलीच असते. मग बाटली धुवायला सांगते. बाटली सगळ्याच धुतात, बूच उलटं करून त्याच्या आतला दुधाचा साय धरलेला कोपरा कोण घासते तेवढं बघायचं. मग नखं. मग, गुटी देणार का, काजळ घालणार का, धुरी देणार का, एवढे तीन प्रश्न. "तुमी सांगचाल तसं," असं म्हणणारी मला चालते. "आमच्यात देतात," म्हणणारीला बसवून समजावते की वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, वरचं गाईचं दूध द्यायचं नाही, आणि काही द्यायचं तर आईला विचारल्याशिवाय नाही.

जांबोटीकडच्या या बाईने पिशवी घेतली ती डाव्या हातावर. मान कोपराच्या खळग्यात बसली. बोलता बोलता गुडघा हलायला लागला. आणि तिने पदर ओढून पिशवीवर घेतला.

मी तो पदर बघितला. सरावलेला हात आहे, या विचाराने मला आनंद झाला. चौदा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला त्या पदराचा अर्थ कळू नये, याची टोचणी अजून जात नाही. तांदळाच्या पिशवीवर पदर कोण घेते? जिच्या अंगावर पिणारं मूल आहे ती.

तिला पाठवलं ते घर टिळकवाडीतलं, तिसरा मजला. नवरा उद्यमबागेत कारखान्यात, बायको धारवाडची, घरूनच कॉम्प्युटरवर काम. बाळ सात महिन्यांचं, मुलगा. त्यांना दोन्ही भाषा येणारी बाई हवी होती, आणि खानापूरच्या बायांचं ते बळच आहे. आतल्या खोलीत दार लावून ती आई दोन मीटिंगांच्या मध्ये पंपाने दूध काढायची आणि बाटलीवर वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवायची. मी बाईला सगळं शिकवून पाठवलं होतं. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. आधीच्या वेळेची बाटली आधी वापरायची. गॅसवर तापवायची नाही, गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. उरलेलं उष्टं दूध परत फ्रीजमध्ये नाही. तिला अक्षर नीट येत नव्हतं, पण आकडे येत होते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत एकही बाटली मागे-पुढे झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून गेला होता, बाहेर जुलैचा पाऊस. फोन आला, "आंटी, तुम्ही आत्ताच्या आत्ता या." आवाज कापत होता. बाळ पडलं, असंच माझ्या मनात आलं. रिक्षात बसून गोवावेस येईपर्यंत मी दोनदा फोन लावला, उचलला नाही.

गेले तर बाळ मधल्या खोलीत गादीवर शांत झोपलेलं. मला आधी तेवढंच दिसलं आणि जीव भांड्यात पडला. नवरा माझ्या आधी पोहोचला होता, रेनकोट अंगावरच. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. पदर दोन वेळा गुंडाळून घेतलेला, तरी चोळीची पुढची बाजू ओली दिसत होती. पावसाचं पाणी तसं दिसत नाही.

त्या मुलीने, बाळाच्या आईने, मोबाईल माझ्यापुढे धरला. हॉलमध्ये कॅमेरा होता. त्यात बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली, मांडीवर बाळ, खांद्यावरून पदर, साधारण बारा मिनिटं. मी ते चार वेळा पाहिलं. उजवा कोपर हलतो. थोपटताना हलतो तसा असेल, किंवा हुक काढताना हलतो तसा. पाठीवरून काय कळणार?

"हिने माझ्या बाळाला अंगावर पाजलंय," ती म्हणाली.

मी बाईला बाजूला घेतलं. "किती महिन्यांचं आहे गं तुझं?"

"धा."

"पाजलंस?"

"न्हाई अक्का. ह्यो रडाय लागला आणि पान्हा फुटला. ते काय माझ्या हातात हाय? मी बाटलीच दिली ह्येला. निजल्यावर मग मोरीत जाऊन पिळून टाकलो."

मी स्वयंपाकघरात गेले. भांड्यातलं पाणी अजून कोमट होतं. साडेसहाची बाटली धुऊन जाळीवर पालथी घातलेली, बूच वेगळं, आतला कोपरा स्वच्छ. फ्रीजमध्ये पुढची बाटली दहाची, तीच असायला हवी होती. पोट भरलेलं सात महिन्यांचं पोर वर आणखी अख्खी बाटली पीत नाही. माझा बाईवर विश्वास बसला तो या बाटलीवरून, आणि तो अजून आहे. मी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "ओतून टाकली असेल." त्याला काय उत्तर देणार?

पण त्या मुलीची भीती पोकळ होती असं मी म्हणणार नाही. एचआयव्हीसारखा आजार दुधातून जाऊ शकतो, हे मला माहीत आहे. ज्या बाईच्या अंगावर मूल पितंय हेच तिला सांगितलेलं नव्हतं, तिच्या बाकीच्या गोष्टींवर तिने का विश्वास ठेवावा? आणि त्या बाईला तिच्यापुढे उभं केलं ते मी. तपासणी करायला बाई लगेच तयार झाली. पुढच्या आठवड्यात मी स्वतः बरोबर जाऊन ती सरकारी दवाखान्यात करून घेतली. काही निघालं नाही. रिपोर्टचा फोटो त्यांना पाठवला.

त्या दुपारी एक गोष्ट झाली ती मात्र विसरता येत नाही. नवरा बोलत होता, आणि ती मुलगी एकाएकी बाईकडे वळून कन्नडमध्ये म्हणाली, "तुझ्या कूसाला आत्ता कोण पाजतंय?" कूस म्हणजे तान्हं बाळ. बाईनेही कन्नडमध्येच एक शब्द सांगितला, "अत्ती." सासू. सासू काय पाजणार? मला नंतर कळलं, गाईचं दूध निम्मं पाणी घालून, वाटी-चमच्याने. मुलगी काही बोलली नाही. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून पंपाचा घर्र-घर्र आवाज यायला लागला, कारण तिचीही वेळ झाली होती.

नवऱ्याने तीन दिवसांचे पैसे टीपॉयवर ठेवले. मी ते उचलून बाईच्या हातात दिले.

तिची गाडी संध्याकाळी साडेपाचला होती. तिला मी माझ्या घरी आणलं. रिक्षात ती दोन्ही हात छातीशी आवळून बसली होती. घरी आल्यावर तिला मागची खोली उघडून दिली आणि एक पातेलं दिलं. दहा मिनिटांनी बाहेर आली, पातेलं मोरीत रिकामं केलं आणि घासलं. मग पुन्हा एकदा घासलं. मी चहा टाकला होता. चहा पिताना तिला विचारलं, "खोटं का सांगितलंस गं?"

"खरं सांगितलं असतं तर पाठवला असता काय?"

नसती पाठवली. दोन वर्षांच्या आतलं मूल असलेली बाई घ्यायची नाही, हा नियम मीच केलेला आहे. २०१६ मध्ये एक बाई भर दुपारी, तिच्या पोराला ताप भरल्याचा निरोप आला म्हणून, सांभाळायचं बाळ खालच्या वॉचमनकडे देऊन गावी गेली होती. त्या आईने माझ्या दारात येऊन जे सुनावलं ते अजून कानात आहे. तेव्हा मी अकरावा रकाना घातला. तो चुकीचा आहे असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. पण ज्या बाईच्या घरी दहा महिन्यांचं मूल आहे तिलाच पैशाची सगळ्यात जास्त निकड असते, हेही मला दिसतंय. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं लागतं. तीनच्या आतल्यांसाठी सरकारने पंचायतींमध्ये 'कूसिन मने', म्हणजे पाळणाघरं, काढली, ती मुळात रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांना धरून. पहाटेच्या गाडीने शहरात जाऊन रात्री परतणाऱ्या आईच्या वेळेला तिथे कोण बसणार आहे?

नंतर मी तिच्यासाठी पाच घरी बोलले, या वेळी सगळं खरं सांगून. पिशवीची पारख, बाटल्या, तपासणीचा रिपोर्ट, सगळं. एक म्हणाली, तिचं लक्ष घरी राहील. एक म्हणाली, तिचं मूल आजारी पडलं की आमच्याकडे खाडा. एका घरातल्या आजी म्हणाल्या, अशी बाई ठेवली तर पाप लागेल आपल्याला, आणि फोन ठेवला. त्या आजींचा मला राग आला नाही, पण पाप टाळून त्या बाईला काय मिळालं तेही कळलं नाही. दोघींनी विचार करून सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. बाळाला बरोबर घेऊन आली तर चालेल का, असं मी प्रत्येकीला विचारलं. नवरा नको म्हणेल, हे तीन ठिकाणी ऐकलं.

टिळकवाडीच्या घरी मी वडगावची बाई दिली. वयाने मोठी, मुलं लग्नाची. हात बरा आहे, त्या हातासारखा नाही. बाटल्यांच्या वेळा दोनदा चुकल्या, तरी तक्रार आली नाही. मध्ये त्या मुलीचा फोन आला होता. पगाराचं बोलणं झाल्यावर थांबून म्हणाली, "त्यांच्या बाळाचं काही कळलं का?" मी सांगितलं, बाई काजू फोडायला जाते आता, मूल शेजारी झोळीत असतं. पगार इथल्या निम्मासुद्धा नाही. ती "बरं" म्हणाली. ठेवते म्हणाली, पण बराच वेळ फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

फॉर्म संपत आलेत. खडेबाजारातला छापखानेवाला दोनदा विचारून गेला, मॅटर तेच ठेवायचं की काही बदल आहे. दहा रकाने त्याला वाचून दाखवले. अकराव्याचं उद्या सांगते म्हटलंय.