थोरलीची आई, धाकट्याची आई

रविवार, रात्री

भाचीच्या बाळाचं आज बारसं झालं. बाळ रडून रडून लालबुंद झालेलं आणि भोवतीच्या बायका तिलाच विचारत होत्या, काय खाल्लंस, हाताची सवय कशाला लावलीस! मला हे ऐकवत नाही. पाळण्यातल्या बाळालाही स्वतःचा स्वभाव असतो. आई त्याला वळण लावते म्हणतात, पण तेही आईला वळण लावत असतं. माझ्या दोघांकडे बघून हे मी छातीठोकपणे सांगते.

थोरली पहिल्यापासून बुजरी. लग्नकार्यात गर्दीत शिरलो की माझ्या निऱ्या घट्ट धरून पाठीमागे उभी. कुणी गालाला हात लावला की तोंड पदरात. मग आम्ही कार्यालयात सगळ्यांच्या आधी पोहोचायला लागलो. हॉल रिकामा असायचा, माणसं खुर्च्या मांडत असायची. ती रांगोळी काढणाऱ्या बाईपाशी जाऊन उकिडवी बसायची, आधी नुसतं बघायची, मग रंगाची वाटी पुढे सरकवायची. पाहुणे येईपर्यंत ती जागा तिची झालेली असायची आणि मुहूर्ताला तीच अक्षता वाटत फिरायची. घाई न करणं, आधी जाऊन थांबणं, प्रश्न न विचारता शेजारी बसून राहणं हे माझ्या स्वभावात अजिबात नव्हतं. तिच्यामुळे आलं. आजही ती मनातलं बोलते ते मेथी निवडताना, मान खाली घालून. समोर बसवून विचारलं तर ‘काही नाही गं’.

धाकट्याचं सगळंच जोरात. हसणं, रडणं, रुसणं, गळ्यात पडणं. भूक लागली की घर डोक्यावर, पोट भरलं की तोच लाडीगोडी करणार. त्याच्यासाठी मी वेगळीच आई झाले, थोडक्यात बोलणारी आणि शब्द न फिरवणारी. एकदा ‘नाही’ म्हटलं की नाहीच, पण आवाज चढवायचा नाही, कारण माझा चढला की त्याचा दुप्पट चढतो.

न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ नवराबायकोनं 1956 साली एक अभ्यास सुरू केला. 133 मुलांना त्यांनी तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत पाहिलं. साधारण 40 टक्के मुलं सहज रुळणारी, 10 टक्के सांभाळायला अवघड, 15 टक्के हळूहळू रुळणारी निघाली. उरलेली कुठल्याच एका गटात बसेनात. मुलाचं काही बिनसलं की आईला दोषी धरायचा तो काळ, आणि ते त्यांना पटत नव्हतं. मूल अवघड म्हणून पुढे बिघडतं असं नाही, त्याचा स्वभाव आणि घराच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो का, यावर बरंच काही ठरतं, असं त्यांनी मांडलं. त्यांना एक गोष्ट दिसली, ती मला फार महत्त्वाची वाटते. न्यूयॉर्कमधल्याच, पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्या कष्टकरी घरांत लहान मुलाच्या झोपेला वेळकाळ नसला तरी कुणाचं अडत नसे. शाळा सुरू झाली की तीच सवय अडचणीची व्हायची. पोर तेच, फक्त मागणं बदललं!

हा मेळ एकदा बसला की संपलं, असंही नाही. थोरली परगावी शिकायला गेली तेव्हा घरातल्या सगळ्यांना धास्ती होती, मला नव्हती. पहिल्या दिवशी ती वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. मी तसं सांगितलं नव्हतं. आता तिचं तिला जमतं, त्यामुळे आमचं नातंही मोकळं झालंय. ती फोनवर माझीच चौकशी करते. धाकट्याचं मात्र ऐन रंगात आहे. पूर्वी दारातूनच शाळेची सगळी कहाणी सांगत येणारा मुलगा हल्ली खोलीचं दार लावून घेतो, आणि ते लागतंही धाडकन. मला ते टोचतं. पण प्रेमसुद्धा तो असंच धाडकन करतो, आणि त्यात माझ्या वाट्याला पुष्कळ आलंय.

अठरा पूर्ण व्हायच्या आधी त्याला गाडी हवी आहे. उद्या त्यावरून पुन्हा खडाजंगी होणार. उत्तर ‘नाही’च असेल, पण तो विषय जेवणाआधी निघू द्यायचा नाही.