सिंह नुसता लोळतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

"शिकार सिंहिणी करतात, हा दिवसभर लोळतो आणि पहिला घास मात्र याचा. मग हा कसला वनराज?" मराठी मंडळींना घेऊन मी टांझानियाला जाते तेव्हा सेरेंगेटीत आयाळवाला सिंह दिसला की हा प्रश्न हमखास येतो. 'आयत्या बिळावर नागोबा' असंही कुणीतरी म्हणतंच. सिंह समोर असताना गाडीत बोलायचं नसतं, म्हणून माझं उत्तर दरवेळी अर्धवट राहतं. आज सगळं लिहिते.

बीळ त्याचं नाही, हे खरंच आहे. हद्द सिंहिणींची असते. आजी, मावश्या, बहिणी, मायलेकी असा तो कळप. बहुतेक लेकी जन्मभर माहेरीच राहतात, त्यामुळे नदीचं तेच वळण आणि तेच खडक आईकडून लेकीकडे येतात. सेरेंगेटीतल्या सिंहांचा अभ्यास जॉर्ज शॅलर यांनी 1966 मध्ये सुरू केला आणि पुढे 1978 पासून क्रेग पॅकर यांनी तो कित्येक वर्षं चालवला, म्हणून या पिढ्यांचा हिशेब आपल्याला माहीत आहे. सगळ्यांत मोलाची जागा म्हणजे दोन ओढ्यांचा संगम. तिथे पाणी टिकतं, दबा धरायला झाडोरा असतो आणि सावज पाण्यासाठी स्वतःहून येतं. अशा जागेसाठी शेजारचे कळप एकमेकांच्या जिवावर उठतात. तिथे संख्येला महत्त्व असतं आणि ते सिंहिणींना कळतं. संशोधकांनी अनोळखी सिंहिणींच्या गर्जना लाउडस्पीकरवर ऐकवल्या, तेव्हा एका आवाजावर त्या चालून गेल्या, पण तिघींचा आवाज आला आणि आपली संख्या कमी असली की जपून राहिल्या.

मुलगे मात्र दोन-तीन वर्षांचे झाले की घराबाहेर पडतात. भाऊ-भाऊ एकत्र भटकतात. भाऊ नसला तर परक्याशी जोडी जमवतात, कारण एकट्याच्या बळावर कळप मिळवणं आणि राखणं फार अवघड. या भटकंतीत ते गर्जत नाहीत. माझ्या मनाला हे फार लागतं. गर्जना पाच मैलांवरही ऐकू जाऊ शकते, आणि ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही त्याने आवाज केला तर मालक धावून येतात. म्हणजे रात्री तंबूत आपल्याला जो आवाज ऐकू येतो तो बहुधा हद्द असलेल्या सिंहाचा असतो.

ही मालकी बहुतेकदा दोन-तीन वर्षंच टिकते. दुसरे नर येतात, हरवतात, आणि आधीच्यांचे तान्हे छावे मारून टाकतात. ऐकताना पोटात कालवतं. पण छावे जगले तर सिंहीण जवळजवळ दोन वर्षं पुन्हा वीत नाही, आणि नव्या नराच्या हातात तेवढाच काळ असतो. छावे गेले की ती लवकर माजावर येते. आया गप्प बसत नाहीत. एकाच सुमाराला व्यालेल्या सिंहिणी छावे एकत्र वाढवतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात आणि मिळून नरांवर तुटून पडतात. तरी कळपात बाप असणं हाच छाव्यांचा मोठा आधार. तो लोळताना दिसतो ते दिवसा. रात्री तो हद्दीवर फिरतो, झुडपांवर लघवीचे फवारे मारून खूण करतो, गर्जतो. दाट झाडीत दबा धरून शिकारही करतो, फक्त ती आपल्याला दिसत नाही. (गीरमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे नर आणि माद्यांचे गट बरेचसे वेगळे राहतात, म्हणून तिथलं पाहिलेलं इथे लावू नका.)

सेरेंगेटीच्या मधल्या भागातल्या सेरोनेराजवळची एक सकाळ सांगते. खडकावर डावा कान फाटलेली सिंहीण तीन छाव्यांना पाजत होती. अगदी जवळून गर्जना आली. आम्ही सगळे दचकलो, तिने डोळेही उघडले नाहीत. तो घरचा होता. थोड्या वेळाने नदीपलीकडून दुसरा आवाज आला, बराच लांबचा. ती ताडकन उठली. छाव्यांच्या तोंडचं दूध सुटलं. तिने घशातल्या घशात एक हलकी हाक दिली आणि तिघांना घेऊन खडकामागच्या गवतात शिरली. त्या आवाजाच्या दिशेने निघाला तो आमचा लोळणारा सिंह. पुढचा उजवा पाय लंगडत होता, नाकावरची जखम ओली होती, तिच्यावर माश्या बसलेल्या. आमच्या गाडीला जवळजवळ घासून गेला, आमच्याकडे पाहिलंही नाही. मागच्या सीटवर ज्या काकांनी प्रश्न विचारला होता, त्यांनी नकळत हात जोडले.

पुढच्या फेब्रुवारीत मी त्याच खडकापाशी गेले. फाटक्या कानाची ती तिथेच होती. सावलीत दोन नर पसरले होते, दोन्ही अनोळखी, एकाची आयाळ अजून पुरती भरलेली नव्हती. तिच्या पोटाशी चार छावे होते, जेमतेम तीन-चार महिन्यांचे.